पंच्याण्णवचं पेट्रोल

माझ्या मोटरसायकलमध्ये कोणतं पेट्रोल टाकायचं ते माझी बायको ठरवते. पंपावर नंबर लागला की नळी हातात धरलेली बाई विचारते, "साधं का पंच्याण्णव?" मी टाकीचं झाकण उघडून तोंड उघडेपर्यंत मागच्या सीटवरून उत्तर गेलेलं असतं, "साधं." एवढा एकच शब्द. पंपावरच्या बाईला त्यात काही वावगं दिसत नाही. मला मात्र तो दर वेळी कानाखाली बसतो, आणि बसावा म्हणूनच ती तो बोलते.

मी वालूरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. ऑक्टेन म्हणजे काय हे मी फळ्यावर आकृती काढून सांगू शकतो. इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र दाबली जाते, मग ठिणगी पडते. पण काही पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता नुसत्या दाबानंच भडकतं, आणि मग इंजिन खटखट वाजायला लागतं. पंच्याण्णव हा ऑक्टेनचा आकडा, साध्याचा त्याहून लहान. आकडा मोठा, म्हणजे ते पेट्रोल जास्त दाब सोसून गप्प राहतं. त्यात जादा ताकद नसते की जादा मायलेज नसतं. ज्या इंजिनात तेवढा दाबच नाही त्याला भारी पेट्रोल पाजणं म्हणजे शेळीला घोड्याचे नाल ठोकण्यासारखं आहे. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पण वर्गातलं विज्ञान वर्गात राहतं, आणि स्वतःची नवी गाडी दारात उभी राहिली की माणूस अर्ध्या हळकुंडानं पिवळा होतो.

गाडी लग्नाच्या आधी दोन महिने घेतली होती. काळी, रुंद टाकीची, शाळेतल्या कुणाकडेही नव्हती अशी. परभणीच्या पंपावर एकजण म्हणाला, "सर, या गाडीला पंच्याण्णवच टाका, इंजिन मक्खन चालंल." झालं. फोनवर दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि माझा विद्वान झाला. शिक्षकांच्या खोलीत, न्हाव्याच्या दुकानात, सोयरिकीत, कुठंही विषय निघो, मी तो पेट्रोलवर आणायचो. "आमची गाडी साधं पीत नाही," असं मी म्हणायचो. आमची म्हणायचो, माझी नाही. मोठेपणा करताना मला नेहमी अनेकवचन लागतं.

माझी बायको एकुलती एक. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, पिंगळीच्या पलीकडे एका वाडीवर राहायचे. मी त्यांना मामा म्हणायचो, ती आबा म्हणायची. तीस-पस्तीस मेंढरं, थोडी काळी जमीन, पत्र्याचं घर. मामांना सायकलसुद्धा चालवता येत नव्हती. मेंढरांच्या मागं चालून चालून त्यांचे पाय असे झाले होते की टाच कुठं संपते आणि चप्पल कुठं सुरू होते ते कळायचं नाही. पण लेकीला त्यांनी बी.ए. केलं होतं. आणि तिला मास्तर नवरा मिळाला याचा त्यांना एवढा आनंद होता, की माझ्यासमोर ते खाटेवर बसायचे नाहीत.

लग्नानंतर पहिला अधिक महिना आला. आमच्याकडे अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण असतं. पुरण भरून तळलेले धोंडे, वर तुपाची धार, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर दिवा. त्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. दोन दिवस पाऊस पडून सकाळी उघडलेलं, वाडीच्या वाटेवर काळा चिखल. तरी मी गाडी थेट अंगणात नेली. मामांनी मला पाटावर बसवलं, परातीत माझे पाय धुतले आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. मला संकोच वाटला नाही. वाटायला हवा होता, हे आज म्हणतो. तेव्हा मी पाण्यात पायाची बोटं मोकळी केली आणि दुसरा पाय पुढं केला.

जेवण झालं. तिथल्या चालीप्रमाणे सासूबाईंनी लेकीची ओटी भरली. वाडीतल्या पाच-सहा बायका आणि दोन म्हातारे जेवायला बोलावले होते. मी निघायच्या तयारीनं गाडीपाशी आलो, तर टाकीवर हळद-कुंकवाची पाच बोटं उमटलेली, आणि बाजूला थंड पेयाच्या प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या. पेट्रोलचा वास.

"हे काय?" मी विचारलं.

मामांचं तोंड हसून हसून फुटायला आलं होतं. "सकाळी आल्यावर तुमी आंघुळीला गेला, तवा भरलं. बायकूला म्हणलं, लेकीची ओटी भरती तू, मंग जावयाच्या गाडीची टाकी म्या भरतो. मोकळ्या टाकीनं कसं जाऊ द्यावं?"

"कुठलं पेट्रोल?"

"पिंगळीच्या दुकानातलं. ताजं हाय."

या माणसाला मी लग्नाच्या आधी एकदा आणि लग्नात एकदा सांगितलं होतं, की आमची गाडी साधं पीत नाही. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली होती. मला वाटलं होतं, त्यांना कळलं. त्यांना वाटलं होतं, जावई आपल्या गाडीचं कौतुक करतोय, मान हलवावी. मी सगळ्यांसमोर ओरडायला लागलो. टाकीत माझं अर्धं पंच्याण्णव होतं, तेही नासलं. इंजिन खराब झालं तर कोण भरून देणार? अडाण्याच्या दारी गाडी आणली हीच चूक झाली. अडाणी हा शब्द मी दोनदा वापरला. पहिल्यांदा रागात निघाला, दुसऱ्यांदा मुद्दाम.

मामा अजून हसतच होते, पण आता ते हसू कुठं ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं. "जावाई, पेट्रोलला बी जात असती व्हय?" ते म्हणाले. बायका हसल्या.

त्या हसल्या नसत्या तर कदाचित मी तिथंच थांबलो असतो. "असते," मी म्हणालो. "काढा सगळं बाहेर."

फवारणीच्या पंपाची नळी आणली. टाकीत नळी घालून दुसऱ्या टोकानं तोंडानं ओढायचं, पेट्रोल यायला लागलं की पटकन डब्यात सोडायचं, हे मला येत होतं. मी नळी मामांच्या हातात दिली. नुकतेच धोंडे खाल्लेल्या तोंडानं त्यांनी ओढलं, आणि सवय नसल्यामुळे ते तोंडात आलं. ते खोकले, थुंकले, डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. मी म्हणालो, "अजून आहे. परत ओढा." माझी बायको ओटी पदरात धरून दारात उभी होती. मामांनी परत ओढलं. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यात टाकी कोरडी होईपर्यंत पेट्रोल पडत राहिलं.

मग मी खाट निंबाखाली ओढून बसलो आणि जाहीर केलं, की पंच्याण्णव आल्याशिवाय गाडी हलणार नाही. डब्यातलं तांब्याभर टाकून मीच परभणीला जाऊन आलो असतो तर तासाभराचं काम होतं. ते मला सुचलं नाही असं मी सांगत नाही. सुचलं होतं.

मामांनी कोपऱ्यातला पाच लिटरचा कॅन उचलला आणि तोंड पुसून पायात चपला घातल्या. शेजाऱ्यानं त्यांना गाडीवर सोडलंही असतं, पण मग जावई का रुसला हे वाटेत त्याला सांगावं लागलं असतं. माझी बायको त्यांच्या मागं वाटेपर्यंत गेली. "आबा, थांबा. मी बोलते त्यांना." ती हळू बोलली, पण मला ऐकू आलं.

"तू गप," मामा म्हणाले. "तुला नांदायचंय."

सगळं एवढ्यासाठीच होतं. धोंड्याच्या पहिल्याच जेवणावरून जावई नाराज उठला, तर तो राग घरी गेल्यावर लेकीवर निघेल, या एका भीतीनं तो माणूस चिखलातून निघाला. मला हे कळत होतं. त्या भीतीचा मला थोडा अभिमानही वाटला.

दुपार जाता जाईना. मामांचा फोन घरातच चार्जिंगला लावलेला राहिला होता. मी बसून बसून कंटाळलो आणि गाडीच्या सीटखालची पुस्तिका काढली. गाडीसोबत मिळते ती, हिंदी आणि इंग्रजीत. आजवर तिची प्लास्टिकची पिशवी मी फोडली नव्हती. चाळता चाळता इंधनाचं पान आलं. एक्क्याण्णव किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं बिनशिशाचं पेट्रोल वापरावं, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. एक्क्याण्णव म्हणजे साधं. पिंगळीच्या दुकानातलं, थंड पेयाच्या बाटलीतलं, माझ्या सासऱ्यानं कुंकू लावून भरलेलं साधं. मी ते पान हिंदीत वाचलं, मग इंग्रजीत वाचलं. इंग्रजीत काही वेगळं असेल अशी मला आशा होती.

मामा तोवर फार तर पिंगळी ओलांडून गेले असतील. डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतून निघालो असतो तर अर्ध्या रस्त्यात गाठलं असतं. मागं बसवून आणलं असतं आणि म्हणालो असतो, मामा, माझंच चुकलं. एवढंच करायचं होतं. मी पुस्तिका पिशवीत घातली आणि सीटखाली ठेवली. दारात बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मला माझा शब्द गिळायचा नव्हता. नंतर मला डुलकी लागली. उठलो तेव्हा उशाला पाण्याचा तांब्या होता, बायकोनं ठेवलेला.

दिवेलागणीला मामा आले. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि एका चपलेचा अंगठा तुटून ती हातात. अंगाला पेट्रोलचा वास मारतो म्हणून जीपवाल्यानं बसू दिलं नव्हतं, ते परभणीहून चालत आले होते. सकाळी माझे पाय धुतलेली परात भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यांनी आधी कॅन आणून माझ्यापुढं ठेवला, मग आडाकडे जाऊन पाय धुतले.

मी पेट्रोल टाकीत ओतलं, गाडी सुरू केली आणि मूठ पिळली. सगळे बघत होते. मी कान लावल्यासारखं केलं, मान हलवली आणि म्हणालो, "बघा, आता कसं मोकळं वाजतंय. फरक कळतोय ना?" दोन्ही म्हातारे म्हणाले, कळतोय. मामा माझ्याकडे बघत होते, टक लावून, श्वास धरून. मला वाटलं, समाधान आहे. मग त्यांनी हात जोडले आणि आम्ही निघालो. वाटेत बायको ओटी पदरात धरून मागं बसली होती. मी तिला ऑक्टेनबद्दल सांगत होतो.

पुढची दोन वर्षं मामा भेटले की पहिला प्रश्न एकच, "गाडी बरी चालतीय नव्हं?" माझी तब्येत नंतर, लेकीची त्याच्याही नंतर. पंक्चर झालं, तार तुटली, काहीही कानावर गेलं की त्यांचा चेहरा पडायचा. मला ते आदराचं लक्षण वाटायचं. मग एकदा सेलूच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. दोष माझा. ऑइल बदलायला मी कंटाळा केला होता, आणि मिस्त्रीनं तेल काढून दाखवलं तेव्हा ते डांबरासारखं झालं होतं. सासरवाडीत मी एवढंच सांगितलं, "इंजिनचं काम निघालं." कारण सांगितलं नाही. आपल्या आळसाचं जाहीर वाचन कोण करतं? त्यानंतर मामांनी गोड सोडलं. चहात साखरसुद्धा नाही. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, नवस हाय. कसला ते सांगितलं नाही. बिनसाखरेच्या चहावरून मी त्यांची थट्टा केली, म्हणालो, "मामा, आता साहेब झालात."

यंदा पावसाळ्याआधी ते अंथरुणाला खिळले. छातीत पाणी झालं होतं. परभणीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा सगळे समजले. मी भेटायला गेलो. त्यांनी सासूबाईंना बाहेर पाठवलं आणि मला जवळ बोलावलं. बायको उशाशी त्यांना पाणी पाजत होती, तिला मात्र जा म्हणाले नाहीत.

"जावाई, एक सांगायचं राह्यलंय," ते म्हणाले. "त्या धोंड्याच्या दिशी परभणीत ते पेट्रोल घावलंच न्हाई. दोन पंप हिंडलो. एका जागी संपलेलं, दुसरीकडं ठिवतच न्हाईत म्हणले. मोकळ्या हातानं कसं यावं? मंग पिंगळीच्या दुकानातून त्याच बाटल्या घेतल्या अन् कॅनात वतल्या. तुमी इंजान चालू केलं तवा माजा जीव गेला हुता. वळकलं तर लेकीचं काय करतेत, म्हणलं. तुमी म्हणला, चांगलं वाजायलंय." ते थांबले, दम लागला. "तुमी इश्वास टाकला अन् म्या फसवलं. मंग ते इंजान गेलं. माज्यापायी गेलं. मला माफ करा."

म्हणजे त्या संध्याकाळी मी जो फरक ऐकला होता तो साध्या पेट्रोलचा आणि साध्याच पेट्रोलचा होता. आणि त्यांनी धरलेला श्वास हे समाधान नव्हतं. दोन वर्षं हा माणूस माझ्या गाडीच्या प्रत्येक खटक्यासरशी मनात फटके खात होता. गोड सोडलं ते त्याच पापासाठी. मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की मामा, त्या गाडीला साधंच चालतं. ते मला त्याच दुपारी कळलं होतं. इंजिन माझ्या आळसानं गेलं. तुमचं काही चुकलं नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. चार वाक्यं होती. वर्गात मी तासाला पाचशे बोलतो.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "असू द्या मामा. मी माफ केलं तुम्हाला."

चोर तो चोर, वर शिरजोर. मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी माझा हात कपाळाला लावला. बायकोनं पेला खाली ठेवला आणि ती बाहेर गेली. मी मागोमाग गेलो. ती निंबाखाली उभी होती, जिथं तेव्हा माझी खाट होती.

"ते पान मी बी वाचलंय," ती म्हणाली. "तुमी झोपला होता तवा. सीटखालची पिशवी फाडलेली दिसली, म्हणून बघितलं."

"मग तेव्हा का बोलली नाहीस?"

"आबा निघून गेले होते. मी तुमाला खोटं पाडलं असतं तर ते चालले ते वाया गेलं असतं." तिचा आवाज चढला नाही. तिचा चढत नाही, भडकतो मी. दाब सोसणारं पेट्रोल त्या घरात कुणाच्या रक्तात होतं हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळून मला तिचाच राग आला. "आता तरी आत जा अन् सांगा त्यांना," ती म्हणाली.

मी आत गेलो. शेजारचा म्हातारा येऊन बसला होता, आणि मामा त्याला धापा टाकत सांगत होते, "माज्या हातून लय मोठी चूक झालती. जावयानं एका शब्दात माफ केलं बघ. मोठ्या मनाचा माणूस हाय. लेकीचं नशीब." म्हातारा माझ्याकडे बघून हात जोडायला लागला. एवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. मामा म्हणाले, "आज माज्या च्यात साखर टाक. दोन चमचे." साखरेचा डबा बायकोनं आणला. तिनं दोन चमचे टाकले, ढवळलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी कप घेतला. मामांनी बशीत ओतून, डोळे मिटून चहा प्यायला, आणि मीही प्यायलो.

त्यानंतर ते बारा दिवस जगले. बाराही दिवस त्यांनी साखरेचा चहा घेतला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं मोठं मन सांगितलं. त्या बारा दिवसांत मी चार वेळा तिथं गेलो. चारही वेळा बायकोनं दारातच विचारलं, "आज सांगताव का?" चारही वेळा मी म्हणालो, "आज नको. आज त्यांना बरं वाटतंय."